परिशिष्ट तीन: इटलीतले नाईटक्लब

देवपूरमधल्या आमच्या कॉलनीतल्या त्रेसष्ट सभ्य रहिवाशांनी इटलीतल्या नाईटक्लबांची तोंडभर स्तुती करणाऱ्या कागदावर सह्या केल्या, हे खरं आहे. पहिली सही माझी आहे, हेही खरं आहे. धुळ्यात ही हकिकत आता इतक्या लोकांनी इतक्या प्रकारे सांगितली आहे की एका प्रकारात मी स्वतः इटलीला जाऊन आलो आहे आणि दुसऱ्यात तिकडे माझी कुणी बाई आहे. म्हणून जे घडलं ते एकदा नीट, शुद्धलेखनासह, सांगून टाकतो.

मी देवरे. चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर घरात वेळ जात नाही असं लोक म्हणतात. माझा छान जात होता; जात नव्हता तो माझ्या पत्नीचा, रत्नाचा, कारण मी दिवसभर घरात असायचो आणि ती बोलत असताना तिचं व्याकरण सुधारायचो. अशात एके दिवशी यास्मिनचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी. आग्रा रोडवर छपाईचं दुकान चालवणारे माझे मित्र हबीबभाई यांची थोरली मुलगी. पुण्यात एका प्रवासी कंपनीत असते.

"सर, आमची वेबसाइट मराठीत येतेय. इटलीच्या भागाचं भाषांतर तुम्ही कराल का? मला तुमच्याशिवाय कोणी सुचेना."

इटली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे घुमट, पुतळे आणि भग्न खांब उभे राहिले. मी तिथल्या तिथे होकार दिला. रत्नाला सांगितलं. शेजारच्या प्रमिलाबाईंना सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळलं. देवळात दोघांनी हात जोडून अभिनंदन केलं. एकाने इटलीत लसूण मिळतो का, असं विचारलं. मी गंभीरपणे, "पाहावं लागेल," म्हणालो.

रात्री फाइल उघडली. मथळ्याचा अर्थ होता: इटलीतल्या शहरांमधले प्रवाशांसाठीचे नाईटक्लब आणि उशिरापर्यंत चालणारे बार.

मी यास्मिनला फोन लावला. "अगं, चुकून दुसरीच फाइल आलीय."

"नाही सर. चर्च आणि म्युझियम नाशिकच्या एका मॅडमनी आधीच घेतलं. आता हेच उरलंय. तुम्हाला नको असेल तर सांगा."

नको म्हणायला हवं होतं. कारण त्याच आठवड्यात मी आमच्या कॉलनीच्या परमिट रूम विरोधी समितीचा सचिव झालो होतो. कोपऱ्यावरची जुनी पिठाची गिरणी दोंडाईच्याच्या अभिमन शेठ नावाच्या मिरचीच्या व्यापाऱ्याने घेतली होती आणि तिथे तो परमिट रूम काढणार होता. गिरणीच्या थोडं पुढे बालवाडी, बालवाडीला लागून आम्ही. समितीचे अध्यक्ष धनसिंग नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. प्रमिलाबाई महिला आघाडी. अर्ज लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे. एका हाताने दारूच्या दुकानाला विरोध लिहायचा आणि दुसऱ्या हाताने मिलानच्या बारची वाट दाखवायची, हे माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. पण देवळात लोकांनी हात जोडले होते. जोडलेले हात परत सोडवून घ्यायचे कसे?

म्हणून मी कामाला लागलो. बारमध्ये मी जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं, पण मराठीवर माझा भरवसा होता. हॅपी अवरला 'आनंदघटिका' केलं. ड्रेस कोडला 'वेशसंहिता'. डान्स फ्लोअरला 'नर्तनभूमी'. पब क्रॉल या प्रकारापाशी दोन दिवस अडलो आणि शेवटी 'मद्यालयांतून रांगत जाणे' असं लिहिलं.

"सर, रांगत नाही जायचं," यास्मिन फोनवर म्हणाली. "एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये जायचं. चालत."

"मग परत येताना रांगत असतील."

तिने ते वाक्य तिथल्या तिथे स्वतःच बदललं. मग म्हणाली, "सर, भाषा जरा सोपी करता का? वाचणाऱ्याला तिथं जावंसं वाटलं पाहिजे."

जेवणाच्या आधी भूक लागावी म्हणून तिकडे एक पेय घेतात, त्याचा परिच्छेद मी रत्नाला वाचून दाखवला. ती वांगी भाजत होती. "भूक लागायला प्यावं लागतं?" ती म्हणाली. "आपल्याकडं भरिताचा वास पुरतो. आणि अहो, तुम्हाला जे माहीतच नाही ते तुम्ही दुसऱ्याला कसं सांगणार? एकदा बघून तरी या."

बायकोने स्वतः बारमध्ये जायला सांगितलेला मी कॉलनीतला पहिला माणूस असावा. धुळ्यात मात्र जाणं शक्य नव्हतं. इथे प्रत्येक दुसरा वेटर माझा विद्यार्थी निघाला असता. म्हणून एका मंगळवारी सकाळी एसटीने जळगावला गेलो. दुपारी चारला, आजूबाजूला कुणी नाही हे तीनदा पाहून, बसस्थानकाजवळच्या एका बारमध्ये शिरलो. काखेत वही होती, खिशात पेन.

आत इतका अंधार होता की मी पहिला नमस्कार एका खांबाला केला. एक मिशाळ वेटर आला. "काय देऊ साहेब?"

"सोडा. आणि मला थोडी माहिती पाहिजे."

वही पाहून त्याचा चेहरा बदलला. तो आत गेला आणि मॅनेजर बाहेर आला, भिंतीवरची परवान्याची फ्रेमच काढून घेऊन. मागोमाग मसाला पापड आला, जो मी मागवला नव्हता. "साहेब, तपासणी गेल्याच महिन्यात झाली," मॅनेजर म्हणाला. मी त्याला बसवलं, मी मराठीचा शिक्षक आहे असं सांगितलं. त्याने ते मुळीच खरं मानलं नाही, पण उत्तरं देऊ लागला.

"या उंच खुर्चीला तुम्ही काय म्हणता?"

"स्टूल."

"मराठीत?"

"मराठीत स्टूलच, साहेब."

"आणि दाराशी जो धिप्पाड माणूस उभा असतो, त्याला?"

"वना."

मी वहीत 'वना' लिहिलं. किती छोटा, किती देशी शब्द. नंतर कळलं की ते त्या माणसाचं नाव होतं.

एवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून ओळखीचा खोकला ऐकू आला. अंधाराला डोळे सरावले होते. तिथे आमच्या समितीचे अध्यक्ष बसले होते आणि त्यांच्यापुढे सोडा नव्हता.

"सर, तुम्ही आठे?" धनसिंग नाना म्हणाले. घाबरले की ते नेहमी अहिराणीत जातात.

"नाना, तुम्ही?"

"मी पाहनी कराले उनू. आपला समितीनं काम शे."

"मीही पाहणीच करतोय," मी म्हणालो आणि पुरावा म्हणून वही दाखवली. त्यांच्याजवळ वही नव्हती. थोडा वेळ आम्ही एकमेकांच्या पेल्याकडे पाहत राहिलो. मग नाना हळूच म्हणाले, "कोनले सांगू नका." संध्याकाळी आम्ही एकाच एसटीने धुळ्याला परतलो, पण वेगवेगळ्या बाकांवर बसून. एरंडोलला चहाला उतरलो तेव्हाही ओळख दाखवली नाही.

एवढं मात्र खरं की त्या फेरीनंतर माझी भाषा सुधारली. मी मिलानचं पान पुन्हा लिहिलं, घुमट-पुतळ्यांची मनातली आशा सोडली आणि रोमला लागलो. इकडे आमचा विरोधाचा अर्जही तयार झाला. अर्जाचा नकाशा आणि मिलानचं पान एकाच पेन ड्राइव्हवर होतं. दोन्ही फाइलींची नावं मी शिक्षकी शिस्तीने ठेवली होती: एकीचं 'अंतिम प्रत', दुसरीचं 'अंतिम प्रत, सुधारित'. पुढे काय झालं असेल हे कुणालाही कळेल. मला कळलं नाही.

हबीबभाईंना मी सांगितलं, "मुख्य अर्ज, परिशिष्ट एक म्हणजे बालवाडीचं पत्र, परिशिष्ट दोन म्हणजे फोटो, आणि परिशिष्ट तीन म्हणून अंतिम प्रत काढा, त्यात नकाशा आहे." नकाशा सुधारितमध्ये होता, अंतिम प्रतीत मिलान. हबीबभाईंनी सांगितलं ते बरोबर काढलं, सुबक बांधलं आणि वर निळा पुठ्ठा लावला.

नानांचा आग्रह होता की प्रत्येक पानावर प्रत्येकाची सही हवी. "सरकारी कागदातलं पान गळतं," ते म्हणाले, "मी तिथंच होतो, मला माहीत आहे." माझाच मजकूर पुन्हा काय वाचायचा म्हणून मी पानांचे फक्त कोपरे उलटत पहिल्या सह्या केल्या आणि तो गठ्ठा घरोघर फिरला. लोकांनी टीव्ही पाहता पाहता, मेथी निवडता निवडता सह्या केल्या. जागा पुरेना म्हणून समासात, ओळींच्या मध्ये, आडव्या-उभ्या सह्या झाल्या. त्या सह्यांखाली काय छापलंय हे दिसायचीही सोय उरली नाही. अर्ज कार्यालयात दाखल झाला, आवक क्रमांक पडला, आम्ही पेढे वाटले.

चार दिवसांनी यास्मिनने मिलानचं पान मागितलं. मी पेन ड्राइव्ह शोधू लागलो. तो कुठेच नव्हता. कपाटात, गादीखाली, रत्नाच्या मसाल्याच्या डब्यामागे, कुठेच नाही. सापडला तो टेबलाच्या खणात, आणि 'अंतिम प्रत, सुधारित' उघडली तर तिच्यात मिलान नव्हतं, बालवाडीचा नकाशा होता. मी खुर्चीवर बसलो. मग उठलो. मग पुन्हा बसलो. रत्ना म्हणाली, "काय झालं? कुणी गेलं का?"

"मिलान," मी म्हणालो, "सरकारात गेलं."

दुसऱ्या दिवशी मी त्या कार्यालयात. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. आवक-जावक सांभाळणारे गृहस्थ अत्यंत सभ्य होते. मी म्हणालो, "एक पान चुकून लागलंय, तेवढं बदलून द्यायचं आहे."

"बदलता येईल," ते म्हणाले. "तसा अर्ज द्या. ज्यांनी सह्या केल्यात त्या सगळ्यांच्या सह्या त्या अर्जावर लागतील. आणि कुठलं पान, त्यात काय मजकूर आहे, तो का काढायचा, हे लिहावं लागेल."

म्हणजे त्रेसष्ट जणांकडे जाऊन सांगायचं की आपण कशावर सही केली. मी म्हणालो, "राहू द्या. तसं फारसं महत्त्वाचं नाही." आणि घरी आलो. पुढचे तीन आठवडे मला भात गोड लागला नाही. रत्ना म्हणायची, कोण वाचतंय एवढं. मीही तेच म्हणायचो. शिक्षकाला माहीत असतं की गठ्ठ्यातली शेवटची पानं कुणी वाचत नाही. पण अभिमन शेठने वकील दिला होता आणि तो वकील तरुण होता, त्याला दुसरी कामं नव्हती.

सुनावणीला आम्ही चाळीसजण गेलो. अधिकारी एक बाई होत्या, चष्म्यातून एकदा पाहिलं की समोरचा आपोआप सरळ उभा राहायचा. अभिमन शेठ पांढऱ्या सदऱ्यात मागच्या बाकावर बसला होता. चेहऱ्यावरून कुणाचं वाईट चिंतणारा वाटत नव्हता. वकील उठला.

"मॅडम, विरोध करणाऱ्यांची स्वतःची भूमिका काय आहे ते मी त्यांच्याच परिशिष्ट तीनमधून वाचतो." आणि त्याने खणखणीत आवाजात वाचलं: "'मिलान शहरातले कालव्याकाठचे बार संध्याकाळी उघडतात, पण जाणत्या प्रवाशाने अकराच्या आधी जाऊ नये, तोवर रात्र अजून लहान असते. दाराशी उभ्या असलेल्या वनाला हसून नमस्कार करावा. चप्पल घालून गेल्यास वना आत सोडत नाही.'"

आमच्यातल्या दोघांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं.

"वना कोण?" मॅडमनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण ते सांगायचं तर जळगाव सांगावं लागलं असतं.

"हे आपलं म्हणणं आहे?" वकिलाने नानांपुढे कागद धरला. "ही सही आपली?"

नाना उभे राहिले, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सही मनीच शे, मॅडम. पन मजकूर मना नही."

"आणि ही, प्रमिलाबाईंची?"

"माझीच आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या नाहीत. "वाचून केली नाही. सरांनी लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं कशाला?"

आयुष्यात माझी इतकी स्तुती कधी झाली नव्हती आणि मला इतकी लाजही कधी वाटली नव्हती. मी उठलो. यास्मिन, पुणे, नाशिकच्या मॅडम, हबीबभाई, पेन ड्राइव्ह, सगळं सांगितलं. जळगाव तेवढं वगळलं. नानांनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. कॉलनीतली माणसं माझ्याकडे पाहत होती तशी वर्गात मी कॉपी करणाऱ्या मुलाकडे पाहायचो.

मॅडमनी वकिलाच्या हातून पान घेतलं. सह्यांच्या जंगलातून वाट काढत त्या खाली खाली वाचत गेल्या. मध्येच त्यांचा ओठ एका बाजूला हलला, पण लगेच जागेवर आला. "वकीलसाहेब, शेवटचा परिच्छेद तुम्ही वाचला नाहीत. तो मी वाचते. 'या गल्ल्यांमध्ये वरच्या मजल्यांवर कुटुंबं राहतात आणि गोंगाटाला ती कंटाळली आहेत. रात्री बाहेर हळू बोलावं. ज्याला झोप प्रिय आहे त्याने मुक्काम इथून दूर करावा.'" त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे विमानाने जिथं लोक जातात, तिथंही वरच्या मजल्यावरचा माणूस हेच म्हणतो."

अभिमन शेठ मागून हळूच म्हणाला, "मॅडम, मी दहालाच बंद करणार होतो."

जागेची पुन्हा मोजणी झाली. महिन्याभराने आदेश आला: बालवाडीच्या फाटकापासून अंतर नियमापेक्षा साडेचार मीटरने कमी भरतं, सबब परवानगी देता येत नाही. आमच्या अर्जाचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. मुख्य अर्जातल्या माझ्या त्या वाक्यांचा, ज्यात 'अधःपतन' हा शब्द तीन वेळा आणि तिन्ही वेळा अचूक होता, कुणालाही उपयोग झाला नाही. अभिमन शेठने गिरणीत मिरची-मसाल्याचं दुकान काढलं. आता दुपारी वारा आला की सगळी कॉलनी शिंकते, पण त्याविरुद्ध अर्ज करा असं मला कुणी म्हणत नाही.

लोक मला 'इटली सर' म्हणू लागले. भाजीवाल्यानेही म्हटलं तेव्हा मी संध्याकाळचं फिरणं बंद केलं. समितीच्या सत्कारात नानांना शाल मिळाली, प्रमिलाबाईंना साडी, आणि मला, सचिवाला, खुर्च्या मोजायला सांगितलं.

अशा एका दुपारी प्रमिलाबाई आमच्याकडे आल्या. मला वाटलं, आता राहिलेलं ऐकवणार. पण त्या रत्नाजवळ चटईवर बसल्या, पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "सर, ते पान दाराशीच संपलं. वनाने आत सोडलं, पुढं काय? आत काय असतं, ते लिहिलंय का कुठं?"

"रोमच्या पानात आहे," मी म्हणालो. "पण तुम्हाला कशाला?"

त्या रत्नाकडे पाहून बोलल्या, माझ्याकडे नाही. "आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये होतो तेव्हा हे रोज ड्युटी सुटली की एका बारमध्ये जायचे. मी लेकीला कडेवर घेऊन समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहायची. कुणीतरी आत निरोप द्यायचं, मग तासाभराने हे बाहेर यायचे. अकरा वर्षं. दाराला हिरवा पडदा होता. आत काय आहे ते मला कधी दिसलं नाही. विचारायचं कुणाला? आता हे जाऊनही बारा वर्षं झाली."

रत्नाने गॅस बंद केला. मी रोमचं पान आणलं आणि वाचू लागलो. शाळेत धडा वाचायचो तसं नाही, साधंच. लांब दगडी कट्टा आहे, त्यामागे आरसा, आरशापुढे बाटल्या. लोक उभ्यानेच पितात. मालकाला रोज येणाऱ्यांची नावं पाठ आहेत. बाया एकट्या येतात, कॉफी घेतात, कुणी वळून बघत नाही. कोपऱ्यात एक म्हातारा रोज त्याच खुर्चीवर बसतो आणि कामावरच्या जुन्या गोष्टी सांगतो. सगळ्यांनी त्या ऐकलेल्या असतात, तरी ऐकतात.

प्रमिलाबाई ऐकत होत्या. मी थांबलो तरी त्या ऐकतच होत्या.

"म्हणजे बोलायला जायचे," त्या शेवटी म्हणाल्या. "घरी दोन शब्द बोलत नव्हते. मला वाटायचं, माणूसच कमी बोलणारा आहे." मग थोड्या वेळाने, "त्या म्हाताऱ्याची बायको?"

"तिचं काही लिहिलेलं नाही."

"का?"

मी मूळ मजकूर काढून पाहिला. वर पाहिलं, खाली पाहिलं. "खरंच नाहीये."

"बघा," त्या रत्नाला म्हणाल्या, आणि रत्नाने मान हलवली. त्यांनी चहा घेतला, दुकानातल्या मिरचीच्या वासाबद्दल तक्रार केली आणि गेल्या.

त्या रात्री मी रोमचं पान पुरं केलं आणि पाठवून दिलं. सकाळी यास्मिनचा फोन.

"सर, फार छान झालंय. एक विचारायचं होतं. 'म्हाताऱ्याची बायको दोन गल्ल्या सोडून जेवण झाकून बसलेली असते. प्रवाशाला जागा हवी असेल तर त्याने म्हाताऱ्याला तेवढं सांगावं, तो लगेच उठतो.' हे इंग्रजीत कुठंच नाही."

"इंग्रजीत लिहायचं राहून गेलं असेल," मी म्हणालो.

तिने ती दोन वाक्यं पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाली, "बरं सर. ठेवते."